पिस्तुलावर कोरलेलं नाव



पत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या असणार. काल या व्यासपीठावर संतसाहित्य झालं, उद्या शेतीचं अर्थकारण आहे, आणि मधल्याच दिवशी ही नक्षीदार पिस्तुलं कुठून उपटली? संयोजकांनीही मला फोनवर आडून आडून विचारलं होतं, की विषय थोडा ‘व्यापक’ करता आला तर बघा. मी म्हटलं, व्यापक बोलणारे पुष्कळ आहेत. मला जरा अरुंद बोलू द्या.

आधीच सांगून टाकतो, माझ्या घरी एकही पिस्तूल नाही. पोलीस खात्यातलं कुणी सभागृहात असेल तर त्यांनी निश्चिंत बसावं. मला ओढ आहे ती पिस्तुलासोबत आलेल्या कागदांची. जगभरात जुनी, कोरीव काम केलेली, अमुक सेनापतीची, तमुक कप्तानाची म्हणून विकली जाणारी पिस्तुलं लोक वेड्यासारखी जमवतात, आणि त्यांच्या किमती कोटींच्या घरात जातात. या किमती लोखंडाला मिळत नाहीत. चांदीच्या नक्षीलाही मिळत नाहीत. त्या मिळतात एका नावाला. आणि ते नाव खरं कशावरून, एवढाच आज माझा प्रश्न आहे. पिस्तुलावर नाव कोरलंय म्हणून? नाव तर कुणीही कोरील. आपल्या किल्ल्यांच्या भिंतींवर बदामात बाण घुसवून किती नावं कोरलेली आहेत ते आपण पाहतोच. ती काय किल्लेदारांची आहेत?

मुळात हत्यारावर नाव का कोरायचं, तिथून सुरुवात करू.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश फौजेत साध्या शिपायाचं हत्यार सरकारचं असे. त्यावर सरकारची खूण असे. पिस्तुलाच्या चापाजवळच्या पोलादी पट्टीवर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरं, आणि ‘टॉवर’ हा शब्द. ईस्ट इंडिया कंपनीच्या हत्यारावर बदामाच्या आकारात कंपनीची आद्याक्षरं असत. १८०८ नंतर त्या जागी मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. शिवाय पलटणीचं, तुकडीचं अक्षर आणि हत्याराचा क्रमांक. शिपायाचं नाव कुठेच नाही. शिपाई मेला तर तेच पिस्तूल दुसऱ्याच्या कमरेला जायचं. त्यावर नाव कशाला?

अधिकाऱ्याचं तसं नव्हतं. अधिकारी आपलं पिस्तूल आपल्या पैशानं विकत घेई. लंडनच्या एखाद्या नामांकित बंदूकवाल्याकडे जाऊन, मापं देऊन, नक्षी निवडून. ते मखमली अस्तराच्या लाकडी पेटीत यायचं. सोबत दारूचा डबा, गोळ्या ओतायचा साचा, तेलाची कुपी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला दुकानाचा छापील कागद. हिंदुस्थानात निघालेल्या तरुण लेफ्टनंटला बाप किंवा काका अशी पेटी भेट द्यायचा आणि त्यावर नाव घालून घ्यायचा. १८५० नंतर रॉबर्ट अ‍ॅडम्सची आणि सॅम्युएल कोल्टची रिव्हॉल्व्हरं आली. कोल्टनं १८५३ मध्ये थेट लंडनात, थेम्सच्या काठी, कारखानाच काढला. तो तीन-चार वर्षांतच बंद पडला, कारण इंग्रज साहेबाला अ‍ॅडम्सचं देशी पिस्तूल जास्त आवडलं. पण १८५७ मध्ये इथं लढणाऱ्या कित्येक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला होती ती या दोघांपैकी एकाची, स्वतःच्या पैशाची रिव्हॉल्व्हरं. आज नावाची पिस्तुलं बाजारात येतात ती मुख्यतः या वर्गाची. साध्या शिपायाचं नाव लिहायची गरज कुणालाच वाटली नाही, ही गोष्ट जाता जाता नोंदवून ठेवा. पुढे ती आपल्याला लागणार आहे.

आता कोरणाऱ्यांकडे वळू. या माणसांविषयी मला खरोखर आदर आहे. गुस्ताव यंग हा जर्मन मुलखातून अमेरिकेत आलेला कारागीर. हार्टफर्डला कोल्टच्या कारखान्यासाठी त्यानं वर्षानुवर्षं नक्षी कोरली. पोलादावर वेलबुट्टी काढायची म्हणजे काय, ते जरा डोळ्यांसमोर आणा. कोरणी हातात तिरकी धरायची, मनगट स्थिर, आणि धातू फिरवायचा. रेघ वळते ती हाताच्या वळणानं नव्हे, खालच्या तुकड्याच्या फिरण्यानं. एक रेघ चुकली तर पुसता येत नाही, रबर नाही. भरून काढता येत नाही. अशा रेघांतून हा माणूस पानं, गरुड, प्राण्यांची तोंडं काढायचा.

आणि कोल्ट हा व्यापारी कसला, तर क्रिमियाच्या युद्धाच्या काळात दोन्हीकडच्या सम्राटांना एकाच घडणीची सोन्याच्या जडावाची रिव्हॉल्व्हरं भेट देणारा! तुर्कस्तानचा सुलतान अब्दुलमजीद याला एक आणि रशियाचा झार निकोलस पहिला याला दुसरं. सुलतानाचं आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, झारचं सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये. सुलतानाच्या पिस्तुलावर सोन्यात कुणाचं चित्र असावं? जॉर्ज वॉशिंग्टनचं! गिऱ्हाईकाला भेट द्यायची ती स्वतःची जाहिरात कोरून, ही रीत तेव्हापासूनची आहे. आपल्याकडे दिवाळीत कंपन्या स्टीलचे डबे वाटतात त्यावरही त्यांचंच नाव असतं.

पण माझ्या कामाचा माणूस वेगळा. एल. डी. निम्श्के. हाही जर्मन, न्यूयॉर्कमध्ये दुकान. यानं एक सवय लावून घेतली होती. एखादं काम पुरं झालं, की कोरलेल्या भागावर काजळी किंवा शाई धरायची आणि कागद दाबून ठसा उचलायचा. तो ठसा वहीत चिकटवायचा. असं त्यानं अनेक दशकं केलं. ती वही टिकली, आणि १९६५ मध्ये पुस्तकरूपानं छापली गेली. म्हणजे काय झालं बघा. पोलादावरच्या नक्षीची कागदावर, त्याच हातानं, त्याच दिवशी घेतलेली प्रत. आज एखादं पिस्तूल समोर आलं आणि त्यावरची नक्षी निम्श्केची आहे असं कुणी म्हटलं, तर वही उघडायची आणि ठसा ठेवून बघायचा. पान जुळलं तर जुळलं. बहुतेक कारागिरांनी ही तसदी घेतली नाही. बिचारे दिवसभर कोरून घरी जात.

जनरल युलिसीस ग्रँटला भेट मिळालेली रेमिंग्टन रिव्हॉल्व्हरांची जोडी निम्श्केच्याच हातची मानली जाते. हस्तिदंती मुठींवर खुद्द ग्रँटचा चेहरा कोरलेला. अमेरिकन यादवी युद्धातला विजयी सेनापती, पुढे राष्ट्राध्यक्ष. ही जोडी २०१८ पर्यंत जगापुढे आलीच नव्हती. मे २०२२ मध्ये लिलाव झाला तेव्हा तिला ५१ लाख ७० हजार डॉलर मिळाले. रुपयांत करून मी तुम्हाला रात्री जागं ठेवत नाही.

आणि आता तुम्हाला गोंधळात टाकणारी गोष्ट. याहून महाग गेलेलं एक पिस्तूल आहे, आणि त्यावर नक्षीचं नावही नाही. पॅट गॅरेट नावाच्या शेरीफनं १४ जुलै १८८१ च्या रात्री ‘बिली द किड’ या कुख्यात गुन्हेगाराला ज्या कोल्टनं मारलं, ते साधं पोलादी पिस्तूल. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याला ६० लाख ३० हजार डॉलर मिळाले. नक्षी नाही, सोनं नाही, हस्तिदंत नाही. मग होतं काय? एक कोर्टकचेरी होती. एल पासोच्या एका गुत्तेवाल्याच्या भिंतीवर ते पिस्तूल वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. तो वारल्यावर गॅरेटच्या विधवेनं त्याच्या वारसांवर दावा लावला, की हे माझ्या नवऱ्याचं, मला परत द्या. खटला चालला, १९३० च्या दशकात तिच्या बाजूनं निकाल झाला. त्या खटल्याच्या कागदांनी पिस्तुलाचं सगळं मूल्य उभं केलं. दोन पक्ष एकमेकांविरुद्ध शपथेवर बोलले, आणि पिस्तूल गॅरेटचंच, यावर दोघांचंही एकमत होतं. भांडण मालकीचं होतं, ओळखीचं नव्हतं. यापेक्षा भक्कम साक्ष कुठली हवी?

मला वाटतं आपल्या श्रोत्यांना हे सगळ्यात लवकर कळेल, कारण आपण सात-बाराच्या मुलखातली माणसं आहोत. जमीन कुणाची हे बांधावरच्या दगडावर नाव लिहून ठरत नाही. सात-बारा बघायचा, आणि नुसता आजचा सात-बारा नाही, त्यामागचे फेरफार बघायचे. कुणाकडून कुणाकडे, कोणत्या साली, खरेदीनं की वारसानं की बक्षीसपत्रानं. मधला एक फेरफार सापडत नसेल तर शहाणा माणूस इसार देत नाही. पिस्तुलाच्या बाबतीत शहाणी माणसं अगदी हेच करतात. बाकीची बांधावरचा दगड बघून पैसे मोजतात.

एक बिनचूक फेरफारांचं उदाहरण. एप्रिल १८१४. नेपोलियननं राज्य सोडलंय, फाँतेनब्लोच्या राजवाड्यात आहे. जीव द्यावा असं मनात आहे. जवळ स्वतःची दोन पिस्तुलं आहेत, पॅरिसच्या गोसे नावाच्या कारागिरानं घडवलेली, सोन्या-चांदीची जडावकामं, त्यात नेपोलियनचा स्वतःचा चेहरा. पण त्याचा विश्वासू अधिकारी कोलँकूर यानं पिस्तुलांतली दारू आधीच काढून घेतली होती. मग त्यानं विष घेतलं. तेही अंगी लागलं नाही, उलटून पडलं. पुढे ती पिस्तुलं त्यानं कोलँकूरलाच देऊन टाकली. ज्यानं दारू काढली त्यालाच! कोलँकूरच्या वंशजांनी ती दोनशे वर्षं सांभाळली. जुलै २०२४ मध्ये, त्याच फाँतेनब्लो गावात, ती लिलावात आली आणि १६ लाख ९० हजार युरोंना गेली. आणि लिलावाच्या आदल्याच दिवशी फ्रेंच सरकारनं ती राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर करून टाकली. म्हणजे घेणाऱ्यानं पैसे मोजावेत, पण पिस्तुलं देशाबाहेर कायमची नेता येणार नाहीत, आणि ती विकत घ्यायला सरकारला अडीच वर्षांची मुदत. इथे फेरफार किती? दोनच. राजा ते सेवक. सेवक ते वंशज. मध्ये बाजार नाही, दलाल नाही. संग्राहकाला झोपेतही अशी साखळी स्वप्नात दिसत असेल.

दुसरी एक साखळी लांब आहे आणि मजेदार आहे. फ्रेंच सेनानी लाफाएतनं अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात जॉर्ज वॉशिंग्टनला चकमकीच्या पिस्तुलांची जोडी दिली. वॉशिंग्टन गेल्यावर ती हस्ते परहस्ते १८२४ मध्ये अँड्र्यू जॅक्सनकडे आली, म्हणजे दुसऱ्या एका सेनापतीकडे आणि भावी राष्ट्राध्यक्षाकडे. जॅक्सननं मृत्युपत्रात काय लिहावं? ही पिस्तुलं लाफाएतच्या मुलाला परत द्यावीत. त्या मुलाचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन लाफाएत! अशी ती समुद्र ओलांडून आली होती तशी ओलांडून गेली. २००२ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे १९ लाख ८६ हजार डॉलर झाले, आणि आज ती पेनसिल्वेनियातल्या फोर्ट लिगोनिअरच्या संग्रहालयात आहेत. या साखळीत भेटी आहेत, मृत्युपत्र आहे, नावं सगळी इतिहासात नोंदलेली. पिस्तुलांवर कोरलेल्या नक्षीकडे कुणाचं फारसं लक्षही जात नाही.

आता खोटेपणाकडे येऊ. तुम्ही वाटच बघत असाल.

पिस्तुलावर मागाहून नाव कोरणं हा फार जुना धंदा आहे. पाच हजारांचं साधं पिस्तूल घ्यायचं, एखाद्या मेलेल्या कप्तानाचं नाव आणि लढाई कोरायची, की ते पन्नास हजारांचं झालं. पकडायचं कसं? भिंग घ्या आणि गंजाच्या खड्ड्यांकडे बघा. जुन्या पोलादाला बारीक बारीक खड्डे पडलेले असतात. कोरलेली रेघ अशा खड्ड्यापाशी आली की काय करते ते पाहायचं. रेघ खड्ड्याच्या काठाशी तुटून पलीकडे पुन्हा सुरू होत असेल, तर रेघ आधीची, गंज नंतरचा. गंजानं तिचा तुकडा खाल्लाय. पण रेघ जर खड्ड्यात उतरून, तळाशी आपली खूण ठेवून पलीकडे चढत असेल, तर खड्डा आधीचा आणि रेघ नंतरची. म्हणजे कप्तान साहेब मेल्यावर कित्येक वर्षांनी कुणीतरी कोरणी चालवली. दुसरं, कारखान्यात नक्षी आधी कोरली जायची आणि मग पोलादाला निळसर झिलई चढवली जायची. त्यामुळे अस्सल रेघेच्या तळाशीही ती झिलई उतरलेली असते. मागाहून कोरलं की झिलई कापली जाते आणि खाली पांढरं पोलाद दिसतं. मग ते आम्लानं काळं करतात. पण ते काळं निराळं असतं. ज्यांनी शंभर अस्सल पाहिली आहेत त्यांना ते दिसतं. मला दर वेळी दिसेलच असा माझा दावा नाही.

भिंगापेक्षाही मला आवडतो तो इतिहासाचा सापळा. याचं उदाहरण आपल्याच गावातलं देतो. पूना हॉर्स. १८१७ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहातून कंपनीनं पुण्यात उभं केलेलं घोडदळ. फेब्रुवारी १८५७ मध्ये इराणात खुशाबच्या लढाईत मुंबई इलाख्याच्या तिसऱ्या हलक्या घोडदळानं इराणी पायदळाचा चौकोन फोडला. त्या धडकेतल्या दोन अधिकाऱ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आता समजा, कुणी तुमच्यापुढे पिस्तूल ठेवलं आणि त्यावर कोरलंय, ‘१७ वी पूना हॉर्स, खुशाब, १८५७’. लढाई खरी, साल खरं, पलटण आपल्या ओळखीची. छाती भरून आली ना? पिस्तूल खोटं आहे. कारण चौकोन फोडणारं ते तिसरं घोडदळ आणि पूना हॉर्स या तेव्हा दोन वेगळ्या पलटणी होत्या. १९०३ च्या फेरक्रमांकात त्यांना ३३ आणि ३४ हे क्रमांक मिळाले, आणि १९२१ मध्ये त्या एकत्र झाल्या, त्यानंतर कुठे १७ वी हे नाव आलं. म्हणजे कोरणाऱ्यानं कुठल्यातरी नंतरच्या पुस्तकातून नाव उचललं. खोटं बोलणारा लढाई बरोबर निवडतो. पलटणीच्या क्रमांकात फसतो. पदाचंही तेच. हार्टच्या लष्करी यादीत दर वर्षी अधिकाऱ्यांची पदं छापून येत. १८५७ च्या पिस्तुलावर ‘कॅप्टन’ आणि यादीत तो माणूस त्या साली लेफ्टनंट असेल, तर मग कुणाचं ऐकायचं?

पण एक गोष्ट सांगतो, खोटं नेहमी धातूवरच कोरलं जातं असं नाही. ते कॅमेऱ्यासमोरही कोरता येतं. १९९७ मध्ये ‘अँटिक्स रोड शो’ या अमेरिकेतल्या लोकप्रिय कार्यक्रमात एक गृहस्थ तलवार घेऊन आले. म्हणाले, पोटमाळ्यावर सापडली, लहानपणी आम्ही हिनं कलिंगडं कापायचो. जाणकारांनी डोळे विस्फारून ३५ हजार डॉलर किंमत सांगितली. लोक टाळ्या वाजवून घरी गेले. पुढे उघड झालं की सगळा बनाव होता, तलवारवाला त्या जाणकारांचाच ओळखीचा. हेतू काय? टीव्हीवर नाव झालं की लढवय्या घराण्यांचे वारस आपल्या वस्तू विश्वासानं आणून देतात. तसंच झालं. गेटिसबर्गच्या लढाईतला सेनापती जॉर्ज पिकेट, त्याच्या वंशजाकडून यांनी ८७ हजार डॉलरांना वस्तू घेतल्या आणि एका शहराच्या संग्रहालयाला ८ लाख ८० हजारांना विकल्या. प्रकरण फौजदारी कोर्टात गेलं, शिक्षा झाल्या. लक्षात घ्या, पिकेटच्या वस्तू खोट्या नव्हत्या. मालकी खरी, कागद खरे. लबाड होता तो मधला माणूस.

इथवर मी तुम्हाला अमेरिका, फ्रान्स, इंग्लंड हिंडवलं. तुम्ही म्हणाल, आमच्याकडचं काय? इथे माझा सूर थोडा बदलणार आहे.

श्रीरंगपट्टण, ४ मे १७९९. टिपू सुलतान पडला. त्याच्या शस्त्रागारात जगातली काही फार सुंदर पिस्तुलं होती, त्याच्याच राज्यात घडवलेली. अंगावर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी, ज्याला बुबरी म्हणतात. वाघाच्या तोंडाच्या आकारात गुंफलेली अरबी अक्षरं. काही जोड्यांमध्ये एका पिस्तुलाची चकमक उजवीकडे तर दुसऱ्याची डावीकडे, म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबासारखी जोडी. साल टिपूच्या स्वतःच्या मौलूदी कालगणनेत, ज्यात आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे. ज्याला हे माहीत नाही तो सरळ वाचतो आणि साल चुकवतो.

त्या रात्री काय झालं? शहराची लूट झाली. मग कंपनीच्या फौजेनं लुटीची वाटणी करायला समिती नेमली, तिला ‘प्राइझ कमिटी’ म्हणत. कोणत्या अधिकाऱ्याला काय मिळालं याच्या नोंदी झाल्या. मेजर जनरल बेअर्डला सुलतानाची तलवार देण्यात आली, आणि ती कशी आणि का दिली ते तिच्यावर कोरण्यात आलं. २०२३ मध्ये लंडनला त्या तलवारीचे १ कोटी ४० लाख पौंड झाले. त्याआधी एप्रिल २०१५ मध्ये टिपूच्या शस्त्रांचा एक संग्रह तिथेच विकला गेला, ३० वस्तूंचे ६० लाख पौंडांच्या वर. सूचिपत्रात प्रत्येक वस्तूची मालकी व्यवस्थित दिलेली असते. अमुक अधिकाऱ्यानं श्रीरंगपट्टणात मिळवली, घराण्यात राहिली, मग अमुक संग्राहकाकडे.

तुम्हाला यातलं काय खटकलं? मला हे खटकतं, की साखळी सुरू होते ती लुटीपासून. पिस्तूल घडवणारा कारागीर कोण, शस्त्रागारात ते कुणाच्या ताब्यात होतं, कोणत्या सरदारानं वापरलं, ते बहुतेक वेळा कोऱ्या पानावर. ज्यानं हिसकावलं त्याच्यापासून फेरफार लिहिला गेला. हा कागद खोटा नाही, अगदी खरा आहे. पण तो निम्म्यातून सुरू होतो, आणि बाजारात मात्र त्याला पूर्ण कागद म्हणून भाव मिळतो. सुरुवातीला मी म्हटलं होतं, साध्या शिपायाचं नाव लिहायची गरज कुणाला वाटली नाही. हरलेल्याचंही तसंच.

आणि तरी कागद आपल्याकडे नाहीत असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. श्रीरंगपट्टणावर १७९२ च्या मोहिमेत आपले परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके होते. पटवर्धनांचं दप्तर वासुदेवशास्त्री खऱ्यांनी वाचून काढलं आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून छापलं. पुण्यात पेशवे दप्तर आहे, रुमालांत बांधलेल्या मोडी कागदांचा डोंगर. शिलेखान्याचे हिशेब, कोणाला काय बक्षीस दिलं त्याच्या याद्या, हे सगळं लिहून ठेवायची आपल्या कारकुनांना चांगलीच खोड होती. मग अडलं कुठं? अडलं असं, की कागद दप्तरात आहे आणि हत्यार वाड्यात किंवा संग्रहालयाच्या काचेत. दोघांची गाठ घालायला कुणी बसलेलं नाही. मोडी वाचणाऱ्याला पिस्तुलात रस नाही, आणि पिस्तूलवाल्याला मोडी येत नाही.

गाठ पडली की काय होतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण नक्षीदार पिस्तुलाचं नाही. एका आकड्याचं आहे.

१७ डिसेंबर १९२८, लाहोर. लाला लजपत राय यांच्या मृत्यूचा बदला म्हणून साँडर्स या पोलीस अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारे होते भगतसिंग आणि आपल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू. भगतसिंगांच्या हातात .३२ कोल्ट ऑटोमॅटिक होतं. खटल्याच्या कागदांत त्या पिस्तुलाचा क्रमांक नोंदलेला आहे, १६८८९६. पुढे ते हत्यार पंजाब पोलिसांच्या फिल्लौरच्या प्रशिक्षण केंद्रात पडून होतं. १९६९ मध्ये तिथून इतर हत्यारांबरोबर इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेत आलं. तिथल्या संग्रहालयात ते काचेत ठेवलं होतं, भगतसिंगांचं म्हणून नव्हे. एक जुनं कोल्ट म्हणून. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग चढवलेला होता, आणि त्या रंगाखाली क्रमांक बुजला होता. शेवटी चौकशी सुरू झाली तेव्हा रंग खरवडला, आकडे वर आले, कागदाशी ताडून बघितले. जुळले. २०१७ मध्ये ते पिस्तूल हुसैनीवाल्याच्या संग्रहालयात गेलं.

त्यावर कुणाचं नाव नाही. कोरलेला आहे फक्त कारखान्याचा क्रमांक, ज्यानं तो ठोकला त्या हार्टफर्डच्या कामगाराला लाहोर कुठं आहे हेही ठाऊक नसेल. आणि पलीकडे ब्रिटिश सरकारचाच कागद, फाशी देण्यासाठी तयार केलेला. दोघांनी एकमेकांना न भेटता एकच साक्ष दिली. कोरलेल्या नावाकडून मी कधीच एवढी अपेक्षा करत नाही.

म्हणून शेवटी थोडं घरचं बोलतो. आपल्याकडे कित्येक जुन्या घरांत खंडेनवमीला शस्त्रं काढली जातात. तलवार, कट्यार, क्वचित एखादं चकमकीचं पिस्तूल, ठासणीची बंदूक. त्यांची पूजा होते, झेंडूची माळ पडते. पूजेच्या आदल्या दिवशी काय होतं? चिंच आणि रांगोळी घेऊन कुणीतरी ती घासायला बसतं. मन लावून, श्रद्धेनं. चकचकीत होईपर्यंत. आणि दर वर्षी थोडी थोडी अक्षरं जातात. एका वाड्यात मी असं एक पिस्तूल पाहिलं आहे, ज्याच्या पट्टीवर बदामाची फक्त वरची कड उरली होती. खाली कोणती आद्याक्षरं होती, कोणत्या पलटणीचा क्रमांक होता, ते चिंचेनं खाल्लं. घरच्यांनी मला अभिमानानं सांगितलं, बघा किती लखलखीत ठेवलंय. मी काय बोलणार?

कायद्याची धास्ती अनेकांना असते, तिचंही थोडक्यात सांगतो. दुरुस्त करूनही चालू होणार नाही अशा जुनाट हत्याराला शस्त्र कायद्यात सूट आहे. पण तुमचं तसं आहे की नाही हे स्वतः ठरवू नका, जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची खासगी माणसाला मुभा नाही, तेव्हा परदेशातल्या भाच्याच्या बॅगेत ती घालू नका.

बाकी घासू नका. रंग देऊ नका. मऊ कोरड्या फडक्यानं पुसा, बस्स. एका उन्हाच्या सकाळी खिडकीपाशी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पट्टीचा जवळून काढा, क्रमांक असेल तर वहीत उतरवा. आणि आजी-आजोबा आहेत तोवर विचारून घ्या, हे कुणी आणलं, कुठून, कधी. ते सांगतील ते तसंच लिहा, तारीख घालून, सांगणाऱ्याचं नाव घालून. ‘शिवकालीन’ वगैरे स्वतःच्या मनानं घालू नका. मग घरातल्या जुन्या ट्रंका उघडा. त्यात मोडी कागद असतील तर टाकून देण्याआधी ज्याला वाचता येतं त्याला दाखवा. या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसलेल्या बाई मोडी शिकवतात, त्यांची परवानगी घेऊनच हे सांगतो आहे. व्याख्यानानंतर त्या अर्धा तास इथे थांबणार आहेत. फोटो मोबाईलमध्ये असतील तर त्यांना दाखवा, आणि प्रश्न असतील तर मला विचारा.